पान काढायचं हे ठरवतं कोण? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी विकिपीडियावर मराठीत लिहायला लागा म्हणून लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं, मेल, मेसेज आले त्यात निम्म्याहून जास्त लोकांचं एकच म्हणणं, की ताई लिहायचं ते लिहू पण लिहिलेलं काढून टाकतात त्याचं काय. साताऱ्यापासून तासगावपर्यंत सगळीकडून तेच. म्हणून या वेळी फक्त काढण्याबद्दलचेच प्रश्न घेतलेत, आणि पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्या मुलीला त्यावर वर्षभर काम करायचंय.

प्रश्न : ताई, मी एमए समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनलाइन लोक एकत्र येऊन एखादा मजकूर काढायचा की ठेवायचा हे कसं ठरवतात, हा विषय प्रबंधिकेला घ्यायचाय. गाईड म्हणतात फार पसरट आहे. सुरुवात कुठून करू? आणि मला अहो-जाहो करू नका.
– विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : गाईड बरोबर सांगताहेत गं, पण विषय सोडू नकोस, आवळ. 'ऑनलाइन लोक' म्हणजे सगळं जगच झालं. फेसबुकवरची पोस्ट उडते ती कंपनी उडवते, आत कोण काय बोललं ते बाहेर कुणाला दिसत नाही, त्यामुळं अभ्यासाला हातात काही लागत नाही. विकिपीडियावर मात्र काढा की ठेवा हा वाद चारचौघांत होतो, कोण कधी काय म्हणालं ते तारीख-वेळेसकट राहतं, आणि वीस वर्षांपूर्वीचा वादसुद्धा आज पोवई नाक्यावर चहा पीत मोबाइलवर वाचता येतो. माणसं कशी भांडतात आणि भांडून कशी ठरवतात याचं एवढं मोठं उघडं दप्तर मला तरी दुसरीकडं कुठं सापडलेलं नाही.

इंग्रजी विकिपीडियापासून सुरू कर, तिथं वाद भरपूर आहेत. आधी रस्ते समजून घे कारण सगळी पानं एकाच दारानं बाहेर जात नाहीत. उघड जाहिरात, शिवीगाळ, दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला मजकूर असं काही असलं तर प्रचालक (पानं काढायचा अधिकार असलेला सदस्य) चर्चा न करता तिथल्या तिथं पान काढतो, त्याला स्पीडी डिलीशन म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी पानावर 'हे काढावं' अशी चिठ्ठी लावतो, सात दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर पान जातं, आणि एकानं जरी ती चिठ्ठी काढली तरी तो रस्ता तिथंच बंद. तिसरा रस्ता तुझ्या कामाचा, आर्टिकल्स फॉर डिलीशन, म्हणजे रीतसर चर्चा. ती सात दिवस चालते, २००९ च्या आधी पाच दिवस चालायची. कुणी म्हणतं ठेवा, कुणी काढा, कुणी म्हणतं दुसऱ्या पानात मिसळा, आणि मुदत संपली की त्या वादात स्वतः न पडलेला अनुभवी सदस्य, बहुतेक वेळा प्रचालक, सगळं वाचून निकाल लिहितो. लोक कमी आले असतील तर मुदत आठवड्यानं वाढवतात. निकाल पटला नाही तर वर अपिलाची सोय आहे, डिलीशन रिव्ह्यू.

आता यातल्या खाचा, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली म्हणजे जी पानं चर्चेशिवाय जातात त्यांचा वादच नसतो, लॉगमध्ये, म्हणजे काढल्याच्या नोंदवहीत, एक ओळ राहते फक्त, आणि अशी पानं चर्चा झालेल्या पानांपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणजे तू फक्त चर्चा वाचल्यास तर जिथं कुणाला तरी वाद घालावासा वाटला तेवढंच तुला दिसेल, हे प्रबंधिकेत पहिल्याच प्रकरणात कबूल कर, व्हायव्हाला कुणीतरी विचारणारच. दुसरी खाच जास्त अवघड आहे. पान काढल्यावर चर्चा शिल्लक राहते पण पान शिल्लक राहत नाही, ते फक्त प्रचालकांना दिसतं. भांडण वाचायला मिळतं पण ज्यावरून भांडण झालं ती वस्तूच समोर नाही. कुणी लिहिलंय 'सगळे संदर्भ फालतू आहेत' तर ते खरंच फालतू होते का हे तुला तपासता येत नाही. यावर पूर्ण उपाय नाही, पण वेबॅक मशीनवर (इंटरनेटवरची जुनी पानं जपून ठेवणारी साइट) काही पानांच्या जुन्या प्रती सापडतात, आणि 'ठेवा' किंवा 'एकमत झालं नाही' असा निकाल लागलेल्या पानांचा सगळा इतिहास खुला असतो, तेव्हा नमुना निवडताना तशी पानं पुरेशी घे.

किती वाद घ्यायचे असं तू पुढं विचारलंयस. दोन टोकं सांगते. जोडी श्नायडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी फक्त एका दिवशी, २९ जानेवारी २०११ ला, सुरू झालेल्या ७२ चर्चा घेतल्या आणि त्यातली एकेक कॉमेंट हातानं वाचून लोक कुठल्या मुद्द्यावर बोलतात ते लावलं, तर बहुतेक सगळं चार गोष्टींत बसलं : विषय उल्लेखनीय आहे का, संदर्भ आहेत का, पान सुधारण्यासारखं आहे का, आणि लिहिणारा पक्षपाती आहे का. दुसऱ्या टोकाला एलायजा मेफील्ड आणि ॲलन ब्लॅक, त्यांनी २०१९ मध्ये ४ लाखांवर चर्चा कॉम्प्युटरला घालून निकाल काय लागेल याचा अंदाज बांधता येतो का ते बघितलं. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण तुझ्याकडं एक वर्ष आहे आणि तू समाजशास्त्राची आहेस, तर माझं स्पष्ट मत असं की पहिल्या टोकाला उभी राहा. पन्नास-साठ चर्चा घे, वही घेऊन बस आणि पहिल्या वाचनात काहीच मोजू नकोस. मी दिवाळीच्या सुट्टीत असं बसले होते, पहिल्या दहा-बारा चर्चांत मला वाटलं की ही माणसं नुसते नियमांचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात, आणि पुढं पुढं लक्षात यायला लागलं की तोच नियम एक जण दार लावायला वापरतो आणि दुसरा दार उघडायला, नवीन माणूस मनापासून चार परिच्छेद लिहितो आणि त्याला एका ओळीत उत्तर मिळतं, आणि कधीकधी सहाव्या दिवशी कुणीतरी वाचनालयात जाऊन एक जुना संदर्भ घेऊन येतो आणि आधी 'काढा' म्हणालेले तिघं आपलं म्हणणं खोडून 'ठेवा' लिहितात. हे तिसरं जेव्हा जेव्हा दिसेल तेव्हा तिथं थांब. माणसं मत कशामुळं बदलतात हा तुझ्या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं, आणि नुसत्या आकड्यांत ते सापडत नाही.

कोर्टानं काढायला लावलेलं वेगळ्या खात्यात टाक, ते लोकांनी ठरवलेलं नसतं. एएनआय या वृत्तसंस्थेनं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेवर केलेल्या दाव्याबद्दल विकिपीडियावर पान झालं होतं, ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानं ऑक्टोबर २०२४ मध्ये उतरवावं लागलं आणि ९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. महत्त्वाचं प्रकरण आहे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आणि नावांचं सांभाळ. तिथले सदस्य टोपणनावानं लिहितात तरी त्यांच्या मागं माणसं आहेत, काहींची टोपणनावं गावात सगळ्यांना माहीत असतात. तू नाव गाळून वाक्य जसंच्या तसं छापलंस तरी ते वाक्य गुगलवर टाकलं की माणूस दोन सेकंदात सापडतो. दुसरीकडं विकिपीडियाचा परवाना असं म्हणतो की मजकूर वापरा पण श्रेय द्या. म्हणजे नाव द्यावं तर माणूस उघडा पडतो, न द्यावं तर श्रेय बुडतं. भांडणातली तिखट वाक्यं स्वतःच्या शब्दांत सांग, आणि जिथं शब्द न शब्द लागतोच तिथं त्या सदस्याला त्याच्या चर्चा पानावर (त्याला निरोप लिहायच्या पानावर) जाऊन आधी विचार. मेटा-विकीवर (सगळ्या विकिपीडियांच्या सामाईक कामकाजाची साइट) संशोधन प्रकल्पांची नोंद करायची जागा आहे तिथं तुझ्या कामाचं पान कर, म्हणजे कुणाला वाटायला नको की कुणीतरी गुपचूप आपल्यावर पाळत ठेवतंय.

मराठी विकिपीडिया शेवटच्या प्रकरणाला ठेव. १ मे २००३ ला सुरू झालेला, लिहिणारे हात मोजके, 'पानकाढा' साचा (म्हणजे 'हे काढावं' अशी चिठ्ठी) लागतो पण खाली चर्चा करायला माणसंच येत नाहीत, बरंच काही प्रचालकावर आणि चावडीवरच्या, म्हणजे तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावरच्या, दोन-चार जणांवर पडतं. गर्दीचं गाव आणि पाच घरांची वाडी यांत निर्णय वेगळे कसे होतात, हे मराठीत अजून कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तू लिही.

प्रश्न : म्हणजे शेवटी ज्या बाजूला जास्त मतं ती बाजू जिंकते, एवढंच ना?
– कराड

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज इतका जुना आहे की त्यापायी इंग्रजी विकिपीडियानं नावच बदललं. आधी त्या पानाचं नाव होतं व्होट्स फॉर डिलीशन, २००५ मध्ये 'मतं' हा शब्दच काढून टाकला. निकाल लिहिणाऱ्यानं डोकी मोजायची नसतात, कारणं तोलायची असतात. दहा जणांनी 'मला आवडलं, ठेवा' लिहिलं आणि दोघांनी दाखवून दिलं की या माणसावर स्वतंत्रपणे कुणीच काही लिहिलेलं नाही, तर ते दोघं भारी पडू शकतात. एकच माणूस पाच खाती काढून येतो तेव्हा तर मोजण्याला काही अर्थच उरत नाही. आणि काहीच ठरलं नाही तर पान राहतं, शंकेचा फायदा पानाला. आपल्याकडं गावात पंच बसायचे तेव्हाही हात वर करायला कुठं सांगायचे, कोण काय बोलतंय ते ऐकूनच उठायचे.

पण व्यवहारात आकड्याचं वजन पडतंच, हेही खरं सांगते. पहिल्या दोन-तीन जणांनी 'काढा' लिहिलं की मागून येणारा तिकडंच झुकतो, हे मी स्वतः वाचताना पुष्कळदा पाहिलंय. म्हणून तुम्हाला एखादं पान वाचवायचं असेल तर सातव्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : आमचे आजोबा मिरजेत तंबोरे बनवायचे. मोठमोठे गवय्ये घरी यायचे. मी त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिला, आठ दिवसांत काढला. ज्यांना तंबोरा म्हणजे काय तेही माहीत नाही अशा लोकांनी परदेशात बसून ठरवलं. फार लागलं मनाला.
– मिरज

उत्तर : लागणारच, दादा. माझाही एक लेख गेलाय, आमच्या भागातल्या एका यात्रेवरचा. यात्रेच्या स्मरणिकेतले चार परिच्छेद मी जसेच्या तसे उतरवले होते, मला वाटलं गावचीच स्मरणिका आहे, गावचंच आहे, त्यात काय एवढं. कॉपीराइट म्हणून काढला. दोन दिवस मी कॉम्प्युटर उघडला नाही. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा काढणाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, चूक माझी होती, आणि मग तोच लेख स्वतःच्या शब्दांत लिहिला तो आजही आहे.

तुमची चर्चा तुम्ही पाठवलेल्या लिंकवर जाऊन मी दोनदा वाचली. त्यात कुणीही तुमच्या आजोबांना लहान म्हटलेलं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की घरच्यांना सोडून, आजोबांशी काही संबंध नसलेल्या कुणी त्यांच्यावर सविस्तर लिहिलंय का. विकिपीडियावर उल्लेखनीयता म्हणजे थोरवी नव्हे, छापील पुरावा. माणूस थोर असतो आणि पुरावा नसतो असं होतं, आपल्याकडं तर फार होतं. कारागिरावर लिहायची आपल्याला सवयच नाही, मैफलीची बातमी येते त्यात गाणाऱ्याचं नाव, तबलजीचं नाव, तंबोरा कुणी केला ते कोण लिहितं? आणि जे थोडंफार लिहिलं गेलं होतं त्यातलं किती तरी २०१९ च्या महापुरात कृष्णेनं नेलं, सांगलीत घरोघरी कात्रणांच्या फायली चिखलात बसल्या होत्या, मी डोळ्यांनी बघितल्यात. त्या चर्चेत 'संदर्भ सापडले नाहीत' असं लिहिणाऱ्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही, पण आपण ते सांगायला तिथं असायला पाहिजे होतं. तुम्ही त्या सात दिवसांत एकदाही तिथं उत्तर दिलेलं नाही, हेच मला जास्त लागलं.

आता काय करता येईल ते बघा. संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे असा नियम नाही, मराठीत असला तरी चालतो. जुन्या सकाळ-पुढारीचा अंक, संगीतावरचं मासिक, कुणा गवयाच्या छापील आठवणी, तारीख आणि पान क्रमांक देऊन सांगितलं की तो संदर्भ धरावा लागतो. स्मरणिका आणि कौतुकाची पत्रकं बाजूला ठेवा. काढलेला मजकूर नष्ट झालेला नसतो, ज्या प्रचालकानं काढला त्याच्या चर्चा पानावर नम्रपणे लिहून आपल्या सदस्य-जागेत (आपल्या नावाखालच्या कच्च्या पानांच्या जागेत) परत मागा, बहुतेक वेळा देतात. तुम्ही नातू आहात हे आधीच सांगून टाका, लपवलं आणि मागून कळलं तर सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

आणि माझं ऐकाल तर आधी आजोबांचं स्वतंत्र पान नको, आधी मिरजेच्या तंतुवाद्यांचं पान भक्कम करा. शस्त्रं बनवणाऱ्या शिकलगार घराण्यांचा हात वाद्यांकडं कसा वळला, भोपळा कुठून येतो, जवारी कशी काढतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, यावर स्वतंत्र लिखाण पुष्कळ आहे. त्यात आजोबांचा परिच्छेद संदर्भासह बसवा. तिथं तो टिकेल, आणि पुढं पुरावा वाढला की त्याचं पान होईलच. तुमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या हत्यारांचे फोटो तुम्ही स्वतः काढून कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात) टाकलेत तर ते दुसऱ्या कुणाकडून जगाला मिळणार नाहीत, तेवढं तर नक्की करा.

प्रश्न : आम्ही इंजिनीअरिंगचे तिघं मित्र. प्रोजेक्ट म्हणून दहा खोटे लेख टाकून कुठला किती दिवसांत पकडला जातो ते मोजायचा विचार आहे. शेवटी आम्हीच काढून टाकू. कसा आहे?
– सांगली

उत्तर : करू नका. तुमच्या दहा लेखांपायी कुणीतरी माणूस, पगार न घेता, रात्री जेवण झाल्यावर बसून ते तपासणार आहे, त्याचा वेळ तुम्ही न विचारता घेताय. आणि मध्ये जे लोक ते वाचतील ते खरं धरून चालतील, कुणी प्रोजेक्टात घालेल, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवेल, ते तुम्ही कसं परत घेणार? २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, मुद्दाम चुकीचे बदल पाठवले होते, तपासणारे पकडतात का हे बघायला. २०२१ मध्ये प्रकरण पेटलं तेव्हा कर्नल सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोहा-हार्टमन यांनी त्या सबंध विद्यापीठाकडून येणारं कामच थांबवलं, आधीची कामं पुन्हा तपासायला काढली, आणि संशोधकांना तो पेपर मागं घ्यावा लागला. ज्यांचा काही दोष नव्हता त्या बाकीच्या पोरांनाही ते भोवलं.

तुम्हाला खोटं किती दिवस टिकतं हेच बघायचंय ना, मग आधीच टिकलेली खोटी पानं आहेत, त्यांचा अभ्यास करा. आपल्या जवळचं एक सांगते. इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली बिचोलिम कॉन्फ्लिक्ट नावाचा लेख आला, बिचोलिम म्हणजे गोव्यातलं आपलं डिचोली. गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये युद्ध झालं, मग तह झाला, असं साडेचार हजार शब्दांत लिहिलेलं, खाली संदर्भांची यादी, भाषा सफाईदार. त्याला 'चांगला लेख' असा दर्जासुद्धा मिळाला. आणि ते युद्ध कधी झालंच नव्हतं. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, एका सदस्यानं यादीतली पुस्तकं एकेक करून शोधायला घेतली तर ती पुस्तकंच अस्तित्वात नव्हती, तेव्हा कुठं ते पान गेलं.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं, की १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते, मराठा साम्राज्य आणलं कुठून? साताऱ्यातलं शाळेतलं पोरगंसुद्धा दुसऱ्या ओळीला थांबलं असतं. पाच वर्षं ते पान जगासमोर होतं आणि आपल्यातलं कुणी तिथं नव्हतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तुमच्या प्रोजेक्टसाठी उघडकीस आलेल्या अशा बनावट पानांची यादी इंग्रजी विकिपीडियावर तयार आहे, किती वर्षं टिकलं त्याप्रमाणे लावलेली. ती घ्या, प्रत्येक पान शेवटी कशामुळं पकडलं गेलं ते शोधा, आणि कशामुळं सुटत राहिलं तेही. डिचोलीच्या पानावर संदर्भ होते, व्याकरण चोख होतं, बघणारे बाहेरचं रूप बघून पुढं जात होते. 'संदर्भ दिलेला आहे' आणि 'संदर्भ उघडून बघितला आहे' यातला फरक कोडमध्ये कसा पकडायचा, यावर तुमचं वर्ष नक्की जाईल आणि कुणाचा वेळ वायाही जाणार नाही.

प्रश्न : बायकांवरचे लेख जास्त काढतात असं ऐकलं. खरं आहे का, की उगाच ओरड?
– निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, ओरड नाही. फ्रान्सेस्का ट्रिपोडी यांचा २०२१ चा अभ्यास आहे. एप्रिल २०१७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर माणसांवरचे जेवढे लेख होते त्यात बायकांचे १७ टक्के, आणि त्याच महिन्यात काढण्यासाठी पुढं केलेल्या चरित्रलेखांत बायकांचे ४१ टक्के. त्यातही त्यांचं मुख्य म्हणणं वेगळंच आहे, की बायकांची जी पानं शेवटी चर्चेत टिकली, म्हणजे मुळात पुढं करायलाच नको होती, अशांचं प्रमाण जास्त. पान वाचतं पण वाचवणाऱ्यांचा आठवडा जातो, आणि पुढच्या खेपेला लिहिणारी थकते.

डॉना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण लोक देतात, २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी. त्यांचा कच्चा लेख त्याच वर्षी मे महिन्यात संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून परत पाठवला होता आणि ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांचं पान नव्हतं. तिथं चर्चा झाली नव्हती, एका तपासणाऱ्यानं परत पाठवला होता, पण मुळाशी दुखणं तेच. ज्यांच्यावर आधी कुणी लिहिलं नाही त्यांच्यावर नंतरही लिहिता येत नाही. क्लॅरिस फेल्प्स या अणुरसायनशास्त्रातल्या बाईंचं पान २०१९ मध्ये चर्चा होऊन काढलं आणि २०२० मध्ये परत आलं, ती सगळी चर्चा तुम्ही जरूर वाचा, दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत.

तुम्ही पुढं लिहिलंय की तुमच्याकडं तुमच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकांच्या मुलाखती लिहून ठेवल्यात. त्या छापून आणा. आमच्याकडं द्या, दुसरीकडं द्या, पण छापा, कारण वहीतल्या मुलाखतीचा संदर्भ कुठल्याच चर्चेत धरत नाहीत.

प्रश्न : आमचा बेदाणा उत्पादकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी ॲडमिन. एकानं एका अडत्यावर पैसे बुडवल्याचा मेसेज टाकला, मी काढला, तर लोक म्हणतात तू त्याला सामील. नाही काढला असता तर माझ्यावर केस झाली असती का? आणि इथून पुढं काय करू?
– तासगाव

उत्तर : केसची धास्ती थोडी कमी करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ ला म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा आधीपासून ठरलेला समान हेतू दिसत नसेल तर, ॲडमिनला गुन्ह्यात धरता येत नाही. तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढायची सोयच नव्हती, ती २०२२ मध्ये आली, म्हणजे तो निकाल आज जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, त्यामुळं नोटीस वगैरे आली तर वकिलाला दाखवाच.

लोक चिडलेत ते मेसेज गेला म्हणून कमी आणि न सांगता गेला म्हणून जास्त, असं तुमच्या पत्रावरून मला दिसतंय. विकिपीडियावर एक पथ्य पाळतात, ज्याचा त्या वादाशी संबंध आहे त्यानं निकाल द्यायचा नाही, मग तो कितीही सरळ माणूस असो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुमचा माल त्याच अडत्याकडं जातो. म्हणजे तुम्ही काढायला नको होता, दुसऱ्या ॲडमिननं काढायला पाहिजे होता, आणि दुसरा ॲडमिन नसेल तर आजच दोघं करा, एक तासगावचा आणि एक कवठेमहांकाळकडचा, वेगळ्या अडत्याकडं माल घालणारे. कशासाठी मेसेज काढला जाईल ते चार ओळींत ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये घाला, नाव घेऊन पैशाचा आरोप करायचा असेल तर सोबत पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा) नाही तर चेकचा फोटो पाहिजे, एवढं एक जरी लिहिलंत तरी निम्मी भांडणं होणार नाहीत. काढताना कारण लिहायचं, आणि काढलेला मेसेज आधी तिघा ॲडमिनच्या वेगळ्या ग्रुपवर ठेवायचा, उद्या कुणी विचारलं तर दाखवता आला पाहिजे.

आणि ज्यानं तो मेसेज टाकला त्या शेतकऱ्याला फोन करा, ग्रुपवर काही लिहायच्या आधी. त्याचे पैसे खरंच अडकले असतील तर त्याला पट्ट्या घेऊन बाजार समितीत लेखी तक्रार द्यायला सांगा, जमलं तर सोबत जा.